पंतप्रधान न झालेला पक्षाध्यक्ष

जपानमध्ये लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपद मिळणे म्हणजे पंतप्रधानपद मिळणे, हे समीकरण १९५५ साली या पक्षाची स्थापना झाल्यापासून जवळजवळ चार दशके अबाधित होते. ते प्रथम मोडले योहेई कोनो यांच्या बाबतीत. जुलै १९९३ मध्ये ते पक्षाध्यक्ष झाले तेव्हा पक्षाने नुकतेच बहुमत गमावले होते. आणि पंतप्रधानपद पुन्हा पक्षाच्या आवाक्यात येऊ लागले तेव्हा अध्यक्षपद त्यांच्या हातून निघून गेले. पुढे सदाकाझु तानिगाकी यांच्याही वाट्याला हेच आले. पण तोवर पंतप्रधान न झालेला पक्षाध्यक्ष हीच कोनो यांची ओळख होऊन बसली होती. बेचाळीस वर्षे संसदेत काढून आणि चौदा वेळा निवडून येऊन २००९ साली ते स्वेच्छेने निवृत्त झाले.

पदांच्या हिशेबाने पाहिले तर ही हुकलेली कारकीर्द आहे. परंतु राजकारणी पुरुषाची पदे लोक लवकर विसरतात; त्याने मागे काय ठेवले एवढेच उरते. कोनो यांनी दोन गोष्टी मागे ठेवल्या आणि त्या दोन्ही सहा महिन्यांच्या आत घडल्या. पहिली म्हणजे ४ ऑगस्ट १९९३ रोजी वाचून दाखवलेले एक निवेदन. त्याला मंत्रिमंडळाच्या ठरावाचेदेखील पाठबळ नव्हते. दुसरी म्हणजे २८ जानेवारी १९९४ च्या रात्री झालेली एक तडजोड. तिचे रीतसर कायद्यात रूपांतर झाले आणि जपानची निवडणूक पद्धती बदलली. यांपैकी निवेदन मागे घेण्याची इच्छा अनेकांना झाली, पण ते धैर्य कोणत्याही सरकारला झाले नाही. कायद्याबद्दल मात्र खुद्द कोनो यांनीच पुढे जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. ज्याला कायद्याचा आधार नव्हता ते टिकले आणि जो कायदा झाला तो कर्त्यालाच नकोसा वाटू लागला, असा हा विलक्षण प्रकार आहे.

कोनो यांचा जन्म १९३७ साली कानागावा प्रांतातील हिरात्सुका येथे झाला. घराणे राजकारण्यांचे. वडील इचिरो कोनो हे कृषिमंत्री होते. १९५६ मध्ये सोव्हिएत युनियनशी राजनैतिक संबंध पुन्हा जोडले गेले त्या वाटाघाटींत त्यांचा वाटा होता आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची जबाबदारी मंत्री म्हणून त्यांच्याकडे होती. स्वभाव दांडगा, शत्रू पुष्कळ. १९६३ मध्ये एका उजव्या अतिरेक्याने त्यांचे हिरात्सुका येथील घर पेटवून दिले होते. पंतप्रधानपद त्यांच्याही दारापर्यंत आले आणि १९६४ च्या अखेरीस एइसाकु सातो यांच्याकडे गेले. पुढच्याच वर्षी इचिरो वारले. चुलते केन्झो कोनो हे वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले. त्यांचे सूत्र असे की, कामकाज चालवताना सात भाग विरोधकांचे ऐकावे आणि तीन भाग सत्ताधाऱ्यांचे. कारण सत्ताधाऱ्यांपाशी मते असतातच. हे दोघे बंधू तरुणपणी वासेदा विद्यापीठाकडून हाकोनेच्या प्रसिद्ध साखळी-शर्यतीत धावले होते. या शर्यतीत प्रत्येकाने आपला टप्पा धावायचा आणि खांद्यावरचा पट्टा पुढच्याच्या हाती द्यायचा असतो. योहेई यांनीही पुढे अनेक वर्षे जपानच्या मैदानी खेळांच्या संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले.

वडिलांच्या मृत्यूनंतर जानेवारी १९६७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांच्याच मतदारसंघातून योहेई निवडून आले. त्यापूर्वी ते मारुबेनी या व्यापारी पेढीत नोकरीस होते. नियतीचा खेळ असा की, पुढे लॉकहीड विमानांच्या लाच प्रकरणात दलाल म्हणून याच पेढीचे नाव जगभर झाले. ते प्रकरण १९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत उघडकीस आले आणि जपानमध्ये माजी पंतप्रधान काकुएइ तानाका यांच्याभोवती संशय दाटू लागला. पक्षातील वडीलधारी मंडळी ‘थांबा आणि पाहा’ म्हणत असताना, जूनमध्ये, म्हणजे तानाकांना अटक होण्याच्या महिनाभर आधी, कोनो यांनी पाच सहकाऱ्यांसह पक्ष सोडला आणि ‘न्यू लिबरल क्लब’ स्थापन केला. अटकेनंतर पक्ष सोडण्यास फारसे धैर्य लागले नसते. त्या डिसेंबरच्या निवडणुकीत या चिमुकल्या पक्षाने सतरा जागा मिळवल्या आणि सत्ताधारी पक्षाचे स्पष्ट बहुमत प्रथमच हुकले. सुशिक्षित शहरी मतदाराला आपला पक्ष सापडला असे तेव्हा वाटले.

ते फार काळ टिकले नाही. पुढे कोणत्या दिशेने जायचे यावरून नेत्यांत फूट पडली, १९७९ च्या निवडणुकीत हाती चारच जागा उरल्या आणि कोनो यांना नेतृत्व सोडावे लागले. १९८३ मध्ये तानाकांना शिक्षा झाल्यानंतरच्या निवडणुकीत मोठ्या पक्षाचे बहुमत पुन्हा डळमळले, तेव्हा या क्लबने काय केले? त्याच पक्षाशी हातमिळवणी करून मंत्रिपद स्वीकारले. दोन वर्षांनी कोनोही विज्ञान खात्याचे मंत्री झाले आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये क्लब विसर्जित करून बहुतेक जण मूळ घरी परतले. एकटे सेइची तागावा परतले नाहीत. राजकीय शुद्धतेसाठी बाहेर पडलेल्या माणसाने, घर शुद्ध झाल्याची कोणतीही खूण नसताना, त्याच दारातून आत जावे हे समर्थनीय नव्हते. अवघ्या दोन वर्षांत रिक्रूट कंपनीच्या शेअरवाटपाचे प्रकरण बाहेर आले आणि पक्षाचे झाडून सारे पुढारी त्यात अडकले, तेव्हा तागावांचाच निर्णय बरोबर होता हे सिद्ध झाले. पण आत गेलेल्या कोनोंच्या हातून जे घडले ते बाहेर राहून घडले नसते, हेही नोंदवणे भाग आहे.

दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने व्यापलेल्या प्रदेशांत सैनिकांसाठी ठिकठिकाणी कुंटणखाने चालवले गेले. तेथे कोरिया, चीन, फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि खुद्द जपान येथील स्त्रियांना ठेवण्यात आले होते. त्यांना ‘इआन्फु’, म्हणजे सांत्वन करणाऱ्या स्त्रिया, असे सभ्य नाव होते. नावाचा सभ्यपणा एवढाच काय तो त्या व्यवहारात सभ्य होता. युद्धानंतर सेहेचाळीस वर्षे या स्त्रिया गप्प राहिल्या. ऑगस्ट १९९१ मध्ये किम हाक-सुन या कोरियन वृद्धेने स्वतःचे नाव सांगून जाहीर साक्ष दिली आणि इतरांना वाचा फुटली. हा सारा प्रकार खासगी कंत्राटदारांचा होता, सरकारचा संबंध नव्हता, अशी जपान सरकारची भूमिका होती. जानेवारी १९९२ मध्ये योशिआकी योशिमी या इतिहासाच्या प्राध्यापकांनी संरक्षण खात्याच्याच ग्रंथालयातून लष्कराचा सहभाग दाखवणारे कागद शोधून काढले, तेव्हा ती भूमिका कोसळली. सरकारचे तोंड उघडवण्यासाठी वर्तमानपत्री आरोप पुरले नव्हते. दप्तरात पडून राहिलेला सरकारी कागद पुरला.

चौकशी सुरू झाली. डिसेंबर १९९२ मध्ये कोनो मियाझावा मंत्रिमंडळात मुख्य सचिव झाले. जपानमध्ये हे पद अधिकाऱ्याचे नसून मंत्र्याचे असते आणि सरकारचा प्रवक्ता तोच असतो. जुलै १९९३ मध्ये सोल येथे सोळा स्त्रियांच्या जबान्या ऐकण्यात आल्या. त्याच महिन्यात निवडणूक झाली, पक्षाला ५११ पैकी २२३ जागा मिळाल्या आणि सरकार जाणार हे निश्चित झाले. जाणाऱ्या सरकारने अवघड प्रश्न येणाऱ्याच्या गळ्यात टाकावा, हा जगभरचा शिरस्ता. मियाझावा आणि कोनो यांनी तो पाळला नाही. सरकारचे अखेरचे तास चालू असताना ४ ऑगस्टला निवेदन वाचले गेले.

या निवेदनाची शब्दयोजना अत्यंत सावध आहे. ही केंद्रे लष्कराच्या मागणीवरून उभी राहिली. त्यांची उभारणी, व्यवस्था आणि स्त्रियांची ने-आण यांत लष्कराचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हात होता. स्त्रिया जमवण्याचे काम मुख्यतः दलालांनी केले, पण अनेकदा ते फसवून, दडपण आणून, इच्छेविरुद्ध झाले आणि काही वेळा त्यात सरकारी माणसेही होती. तेथील जिणे सक्तीचे आणि हालाचे होते, अशी त्यातील कबुली आहे. त्यापुढे मनःपूर्वक क्षमायाचना आणि पश्चात्ताप आहे. शेवटी एक वचनही आहे. इतिहासाच्या संशोधनातून आणि शिक्षणातून हा विषय कायम स्मरणात ठेवू आणि ही चूक पुन्हा होऊ देणार नाही, असे सरकारने सांगितले.

निवेदनाच्या मर्यादा उघड आहेत. कायदेशीर नुकसानभरपाईचा त्यात शब्द नाही. तो प्रश्न १९६५ च्या जपान-कोरिया कराराने मिटला, ही भूमिका सरकारने सोडली नाही. १९९५ मध्ये ‘एशियन विमेन्स फंड’ स्थापन झाला, तो नागरिकांच्या देणग्यांवर. पंतप्रधानांच्या सहीचे क्षमापत्र सोबत होते, तरी अनेक कोरियन स्त्रियांनी ते पैसे नाकारले. राज्याने केलेल्या गुन्ह्याची भरपाई नागरिकांच्या वर्गणीतून का घ्यावी, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. पण एखाद्या राष्ट्राच्या सरकारने, न्यायालयाने भाग पाडले नसताना आणि विजेत्यांची सेना दारात नसताना, आपल्या लष्कराच्या अशा कृत्याची कबुली द्यावी, याची उदाहरणे इतिहासात किती सापडतील?

कोनो तेव्हा पक्षाध्यक्षही झालेले होते. सरकार पडताच ते विरोधी पक्षनेते झाले आणि समोर आले मोरिहिरो होसोकावा यांचे आठ गटांचे संयुक्त सरकार. ते आले होते राजकीय सुधारणांचे वचन देऊन. जुन्या पद्धतीत बहुतेक मतदारसंघांतून तीन ते पाच प्रतिनिधी निवडले जात, मतदाराला मत मात्र एकच. बहुमत हवे असलेल्या पक्षाला एकाच ठिकाणी दोन-तीन उमेदवार उभे करावे लागत. मग एकाच पक्षाचे, एकाच धोरणाचे उमेदवार परस्परांविरुद्ध लढणार कशाच्या जोरावर? पैशाच्या आणि गटाच्या. लग्नाला आहेर, मयताला पाकीट, गावाला रस्ता अशी ती लढाई चाले. गटाचा म्होरक्या पैसे पुरवी आणि म्होरक्याला ते कंपन्या पुरवीत. तेव्हा सर्व रोगांचे मूळ या पद्धतीत आहे आणि आपल्याकडे किंवा ब्रिटनमध्ये आहेत तसे एका जागेचे मतदारसंघ केले की रोग बरा होईल, असे निदान निघाले. त्या दिवसांत या निदानाला विरोध करणारा सुधारणाविरोधी ठरे.

विधेयक प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण २१ जानेवारी १९९४ रोजी वरिष्ठ सभागृहात सरकारातल्याच काही समाजवाद्यांनी ते पाडले. अधिवेशन संपण्यास एक दिवस उरला असताना सभापती ताकाको डोई यांनी मध्यस्थी केली. सभापतिपदावर आलेल्या या पहिल्या महिला. सभागृहात सदस्याच्या नावापुढे ‘कुन’ हा बरोबरीच्या वा धाकट्या पुरुषासाठीचा प्रत्यय लावण्याची शंभर वर्षांची वहिवाट त्यांनी मोडली आणि स्त्री-पुरुष सर्वांना सारखा चालणारा ‘सान’ हा आदरार्थी प्रत्यय वापरला. त्यांच्या पुढाकाराने २८ तारखेला होसोकावा आणि कोनो समोरासमोर बसले आणि रात्री उशिरा तडजोड झाली. तीनशे जागा एकसदस्य मतदारसंघांच्या, दोनशे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या, अकरा विभागांत वाटलेल्या. पक्षांना सरकारी तिजोरीतून दरडोई २५० येन मिळायचे आणि कंपन्यांच्या देणग्या हळूहळू बंद व्हायच्या. प्रत्यक्षात कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देणे चालूच राहिले. तिजोरीतूनही पैसा आणि कंपन्यांकडूनही!

या तडजोडीचे फळ कोणाला कसे मिळाले हे पाहण्यासारखे आहे. डोई यांच्या समाजवादी पक्षाला १९९३ मध्ये जुन्या पद्धतीने, पराभव होऊनही, सत्तर जागा मिळाल्या होत्या. १९९६ च्या पहिल्याच नव्या निवडणुकीत, पक्ष फुटल्यावर, पंधरा उरल्या. सप्टेंबर २००५ मध्ये टपालखात्याच्या खासगीकरणाला विरोध करणाऱ्या स्वपक्षीयांची उमेदवारी कोइझुमींनी काढून घेतली आणि त्यांच्यावर नवे उमेदवार घातले. उमेदवारीचे तिकीट ज्याच्या हाती, पक्ष त्याच्या हाती, हे त्या दिवशी प्रत्येक सदस्याला उमगले. २०१२ मध्ये लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने एकसदस्य मतदारसंघांत सुमारे ४३ टक्के मते मिळवली आणि तीनशेपैकी २३७ जागा पटकावल्या. गटांचा जोर ओसरला हे खरे. पण त्या गटांमुळे पक्षातल्या पक्षात नेतृत्वाला जो धाक होता, वेगळ्या मताला जो आसरा होता, तोही ओसरला. १९७६ चे बंडखोर कोनो जुन्या पद्धतीत स्वतःच्या बळावर निवडून येऊ शकले. नव्या पद्धतीत त्यांना तिकीट कोणी दिले असते?

कोनो यांनी निवृत्तीनंतर हे उघडपणे बोलून दाखवले. एकसदस्य मतदारसंघ स्वीकारण्यात आपली चूक झाली आणि राजकारणाचा दर्जा त्याने खालावला, अशी खंत त्यांनी मुलाखतींतून व्यक्त केली. त्या रात्रीची तडजोड कोनोंनी नाकारली असती तर पक्ष फुटला असता, असा बचाव करता येतो. पण तो बचाव त्यांनी ढालीसारखा पुढे केला नाही. जपानमध्येच काय, कोठेही, स्वतःच घडवलेल्या कायद्याला स्वतः चूक म्हणणारा पुढारी विरळा.

मध्यंतरी जून १९९४ मध्ये एक चमत्कार घडला होता. चार दशके एकमेकांचे हाडवैरी असलेले समाजवादी आणि लिबरल डेमोक्रॅट एकत्र आले. आपला पक्ष कितीतरी मोठा असताना कोनो यांनी पंतप्रधानपद समाजवादी तोमिइची मुरायामांना दिले आणि स्वतः उपपंतप्रधान व परराष्ट्रमंत्री झाले. युद्धातील आक्रमणाबद्दल क्षमा मागणारे १५ ऑगस्ट १९९५ चे मुरायामा यांचे प्रसिद्ध निवेदन याच सरकारचे. मात्र त्याच महिन्याच्या अखेरीस, पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत हाशिमोतो यांचे पारडे जड दिसताच, कोनो यांनी लढण्याआधीच माघार घेतली. चार महिन्यांनी हाशिमोतो पंतप्रधान झाले. वडिलांचा दांडगेपणा मुलात उतरला नव्हता. पक्ष सोडण्याचे धैर्य ज्याने दाखवले, त्याला पक्षातल्या पक्षात कुस्ती खेळणे जमले नाही.

उत्तरायुष्यात जमले ते सभापतिपद. त्याआधी एक गंडांतर आले. यकृताच्या विकाराने प्रकृती ढासळली आणि एप्रिल २००२ मध्ये थोरले चिरंजीव तारो कोनो यांनी आपल्या यकृताचा भाग देऊन वडिलांना वाचवले. हे तारो स्वतः संसद सदस्य, आणि अवयवदानाचा कायदा सैल व्हावा म्हणून झटणारे. जून २००९ मध्ये ते विधेयक प्रतिनिधिगृहात संमत झाले तेव्हा सभापतिपदी योहेई कोनो होते. नोव्हेंबर २००३ पासून २००९ पर्यंत, इतर कोणाहीपेक्षा अधिक काळ, ते या आसनावर राहिले. आसन पक्षातीत, पण हा सभापती मुका राहिला नाही. जून २००५ मध्ये त्यांनी पाच माजी पंतप्रधानांना एकत्र बोलावले आणि यासुकुनी मंदिराच्या भेटींबाबत संयम ठेवावा, असे त्यांचे मत कोइझुमींच्या कानी घातले. कोइझुमींनी ते ऐकले नाही. सप्टेंबर २००८ मध्ये जी-८ देशांच्या सभापतींची परिषद कोनो यांनी मुद्दाम हिरोशिमात भरवली. अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांनी तेथील स्मारकावर फुले वाहिली. वर्षभरापूर्वी पेलोसींच्याच सभागृहाने युद्धकाळातील या स्त्रियांबाबत जपानने निःसंदिग्ध माफी मागावी, असा ठराव केला होता आणि त्यात कोनो यांच्या निवेदनाचा उल्लेख होता. हिरोशिमात फुले मागण्याचा अधिकार त्या निवेदनाच्या कर्त्याला इतर कोणत्याही जपानी पुढाऱ्याहून अधिक होता.

त्या निवेदनावर घाव मात्र सतत पडत राहिले. मार्च २००७ मध्ये आबे मंत्रिमंडळाने ठरावपूर्वक उत्तर दिले की, सापडलेल्या कागदपत्रांत लष्कराने स्त्रियांना बळाने पकडून नेल्याचे थेट वर्णन आढळले नाही. जणू फसवून आणून सक्तीने ठेवलेल्या स्त्रीची गोष्ट पकडून आणलेल्या स्त्रीपेक्षा निराळी होती! जून २०१४ मध्ये पुन्हा आबे यांच्याच काळात सरकारने निवेदन कसे तयार झाले याची तपासणी प्रसिद्ध केली आणि त्यातील शब्दांबाबत सोलशी आधी सल्लामसलत झाली होती, असे दाखवून दिले. क्षमेचा मजकूर ज्याची क्षमा मागायची त्याला पटतो की नाही हे पाहणे यात गैर ते काय, हे टीकाकारांनी सांगितले नाही. निवेदन बदलण्याचा विचार नाही, असे आबे यांना संसदेत सांगावे लागले. त्यांच्यानंतरच्या सरकारांनीही तेच म्हटले.

निवेदनाच्या शेवटच्या वचनाचे काय झाले, हे मात्र वेगळे आहे. १९९७ मध्ये जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शाळांत वापरल्या जाणाऱ्या सर्व इतिहास पुस्तकांत या स्त्रियांचा उल्लेख होता. नंतरच्या आवृत्त्यांतून तो एकामागून एक गळत गेला. एप्रिल २०२१ मध्ये सुगा मंत्रिमंडळाने ठरवले की, ‘लष्करासोबतच्या’ असे विशेषण या स्त्रियांना लावणे गैरसमज निर्माण करणारे आहे, सबब ते वापरू नये. पाठोपाठ पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांनी दुरुस्त्यांचे अर्ज केले. तेच विशेषण ४ ऑगस्ट १९९३ च्या निवेदनात छापलेले आहे, आणि ते निवेदन कायम असल्याचे तेच सरकार सांगत होते.